मागच्या रांगेतील ऑपेराकार

ऑपेरा म्हणजे पहिल्या प्रवेशापासून अखेरच्या पडद्यापर्यंत वाद्यवृंदाच्या साथीने गायले जाणारे नाटक. मराठी संगीत नाटकात गद्य संवाद आणि पदे आलटून पालटून येतात. एकोणिसाव्या शतकातील गंभीर इटालियन ऑपेरात मात्र संवादही स्वरांतच म्हटले जातात, आणि बोलण्याच्या लयीजवळ राहणाऱ्या त्या गायनाला रेचितातिव्हो अशी संज्ञा आहे. या नाट्यप्रकाराशी ज्या श्रोत्याची ओळख ध्वनिमुद्रिकांमधून होते, त्याच्यापुढे त्या शतकाचा पूर्वार्ध साधारणतः रोसिनी, बेलिनी, डोनिझेटी आणि उदयोन्मुख व्हेर्दी या चार नावांत आटोपलेला असतो. प्रत्यक्षात त्या काळी इटलीतील नाट्यगृहे दर हंगामात नव्या ऑपेरांची मागणी करीत होती, आणि ती मागणी चौघांनी पुरवणे केवळ अशक्य होते. जे इतर अनेकजण ती पुरवीत होते, त्यांपैकी सावेरिओ मेर्कादान्ते, जोव्हान्नी पाचिनी आणि योहान सिमोन मायर ही तीन नावे अपरिचित ऑपेरांच्या मागे लागलेल्या जवळजवळ प्रत्येक रसिकाला आज ना उद्या भेटतात. या तिघांना शोधताना, ऐकताना आणि समानधर्मी श्रोत्यांना ऐकवताना रसिकाच्या अनुभवास काय येते, आणि त्या अनुभवातून त्याच्या ऐकण्याला कोणते वळण लागते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

असा शोध सहसा एखाद्या परिचित कृतीच्या कडेकडेने सुरू होतो, आणि या कामात पडलेल्या श्रोत्याला काही काळाने त्याच्या तीन वाटा अंगवळणी पडतात. पहिली वाट कथेची. पोंकिएल्ली यांचा 'ला जोकोंदा' (१८७६) ज्याच्या परिचयाचा आहे, त्याला त्याचे मूळ व्हिक्टर ह्युगो यांच्या १८३५ च्या एका नाटकात सापडते, आणि त्याच नाटकावरून मेर्कादान्ते यांनी जवळजवळ चाळीस वर्षे आधी 'इल जुरामेंतो', म्हणजे 'शपथ', हा ऑपेरा रचल्याचेही कळते. बेटहोव्हेन यांच्या 'फिडेलिओ'चा पहिला पाठ १८०५ मध्ये रंगभूमीवर आला, आणि तुरुंगातील पतीला सोडवण्यासाठी पुरुषवेष धारण करणाऱ्या पत्नीची तीच कथा घेऊन मायर यांचा 'लामोर कोन्युगाले' त्याच वर्षी इटलीत सादर झाला होता. दुसरी वाट लिब्रेटोची, म्हणजे ऑपेराच्या पद्यसंहितेची: साल्व्हादोरे काम्मारानो या नेपल्सच्या संहिताकाराने डोनिझेटी यांच्यासाठी 'लुचिया दी लाम्मेरमूर' (१८३५) लिहिला, व्हेर्दी यांच्यासाठी 'इल त्रोव्हातोरे' लिहिला, आणि या दोहोंच्या मध्ये, १८४० या एकाच वर्षी नेपल्समध्ये सादर झालेल्या पाचिनी यांच्या 'साफ्फो'ची आणि मेर्कादान्ते यांच्या 'ला व्हेस्ताले'ची संहिताही त्याचीच होती. तिसरी वाट गायिकांची. जुदित्ता पास्ता ही बेलिनी यांची पहिली 'नोर्मा' म्हणून इतिहासात नोंदली गेली असली, तरी तिच्या समकालीनांना ती मायर यांच्या 'मेदेआ इन कोरिंतो' या ऑपेरातील मेदेआ म्हणूनही तितकीच ठाऊक होती.

या वाटांवर थोडे चालल्यावर 'विस्मृत' या विशेषणाविषयीचा रसिकाचा पहिला समज बदलतो, कारण हे विशेषण कोणत्याही संगीतकाराला कायमचे चिकटलेले नसते. १८१६ च्या फेब्रुवारीत रोमच्या तेआत्रो आर्जेंतिनामध्ये रोसिनी यांचा 'सेव्हिलचा न्हावी' प्रथम सादर झाला, तेव्हा त्याच विषयावरचा पाइसिएल्लो यांचा ऑपेरा तीन दशकांहून अधिक काळ रसिकप्रिय होता, आणि तरुण रोसिनीने त्या विषयाला हात घालावा हेच अनेकांना औद्धत्य वाटले होते. पाइसिएल्लो आज मागच्या रांगेत आहेत. खुद्द डोनिझेटी यांनी सुमारे सत्तर ऑपेरा लिहिले, परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सामान्य श्रोत्याला त्यांपैकी तीन-चारच माहीत होते. १८३० मध्ये ज्या 'आन्ना बोलेना'ने त्यांना कीर्ती मिळवून दिली, तो ऑपेरा १९५७ च्या एप्रिलमध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात मारिया कॅलस यांनी गायल्यानंतरच पुन्हा जगाच्या चर्चेत आला. एक समर्थ आवाज, एक विचारी दिग्दर्शक आणि एक धाडसी नाट्यगृह एवढ्या तीन गोष्टी जुळून आल्या, तर पंचवीस वर्षांत एखाद्या संगीतकाराची संपूर्ण प्रतिमा पालटू शकते, हे डोनिझेटी यांच्या बाबतीत घडले. मेर्कादान्ते यांच्या वाट्याला असा योग आलेला नाही.

हे संगीतकार मागे का पडले, याचे उत्तर केवळ त्यांच्या गुणवत्तेत शोधणे चुकीचे ठरते, आणि म्हणून रसिकाला त्या काळच्या नाट्यव्यवसायाचे अंतरंग समजून घ्यावे लागते. इटालियन नाट्यगृहांचा मुख्य हंगाम २६ डिसेंबरला सुरू होई. इम्प्रेसारिओ, म्हणजे हंगामाचा ठेका घेणारा कंत्राटदार, गायकांचा संच आधी बांधी, आणि त्या गळ्यांना शोभेल असा ऑपेरा थोड्या आठवड्यांत लिहून देण्याचे काम संगीतकाराकडे सोपवले जाई. संपूर्ण वाद्यवृंदाची स्वरलिपी हस्तलिखितातच राही, नकलनवीस तिच्या प्रती काढीत, आणि छापून बाजारात येत त्या मुख्यतः गायन व पियानो यांच्यापुरत्या संक्षिप्त प्रती. १८५० नंतर नाट्यगृहे हळूहळू ठरावीक लोकप्रिय ऑपेरांच्याच पुनःप्रयोगांवर चालू लागली, गायनाची शैली बदलली, व्हेर्दी यांनी श्रोत्यांची अपेक्षा बदलली, आणि एका विशिष्ट गळ्यासाठी एका विशिष्ट हंगामात लिहिलेल्या कृतींना तो गळा आणि तो हंगाम सरल्यावर आधार उरला नाही. मायर आणि पाचिनी यांनी प्रत्येकी सुमारे सत्तर आणि मेर्कादान्ते यांनी सुमारे साठ ऑपेरा लिहिले. हे आकडे आजच्या वाचकाला अविश्वसनीय वाटतात, पण त्या व्यवस्थेत ते उपजीविकेचे आकडे होते.

ऐकण्याच्या कामातील पहिली खरी अडचण रचनाबंधाची असते. या काळातील प्रमुख एकल गायन, ज्याला आरिया म्हणतात, ते बहुधा दुपदरी असे: आधी संथ, दीर्घ श्वासाचे कान्ताबिले, मग कथानकात एखादी बातमी किंवा एखादे पात्र आणून प्रसंगाला कलाटणी देणारा छोटा मधला भाग, आणि त्यानंतर जलद, ठेकेदार काबालेत्ता, जी दोनदा गायली जाई व दुसऱ्या खेपेस गायकाने तिला आपल्या अलंकारांनी सजवावे अशी अपेक्षा असे. विलंबित ख्यालानंतर द्रुत बंदिशीकडे वळणाऱ्या मैफलीची सवय असलेल्या मराठी कानाला हा क्रम परका वाटत नाही; फरक एवढाच, की येथे लय वाढण्यासाठी नाटकात काहीतरी घडावे लागते, आणि जेथे संगीतकार ते घडणे विसरतो तेथे काबालेत्ता केवळ टाळ्यांसाठी टांगलेली वाटते. पाचिनी यांना समकालीनांनी काबालेत्तेचे उस्ताद मानले होते. त्यांचे पाच-सहा ऑपेरा लागोपाठ ऐकणाऱ्या श्रोत्याला त्या उस्तादीतील चापल्यही जाणवते आणि तिचा थकवाही जाणवतो, आणि या दोन्ही जाणिवा जवळ बाळगल्याखेरीज त्याला 'साफ्फो'चे महत्त्व कळत नाही. १८३५ मध्ये व्हेनिसला 'कार्लो दी बोर्गोन्या' पडल्यानंतर पाचिनी काही वर्षे रंगभूमीपासून दूर राहिले आणि समुद्रकाठच्या व्हियारेज्जो या गावी संगीतशाळा चालवू लागले; त्यानंतर १८४० मध्ये आली ती कड्यावरून समुद्रात उडी घेणाऱ्या ग्रीक कवयित्रीची ही शोकांतिका. जो श्रोता 'साफ्फो' प्रथम ऐकतो, त्याला तो त्या काळातील आणखी एक चांगला ऑपेरा वाटतो. जो आधीचे पाचिनी ऐकून तेथे पोहोचतो, त्याला एका कुशल कारागिराने स्वतःच्या सवयींशी घेतलेला झगडा ऐकू येतो.

मेर्कादान्ते यांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे, आणि ती श्रोत्याच्या कानातच दडलेली असते. दक्षिण इटलीतील आल्तामुरा या गावी १७९५ मध्ये जन्मलेल्या या संगीतकाराचे शिक्षण नेपल्समध्ये झाले, काही वर्षे स्पेन आणि पोर्तुगालमध्ये गेली, आणि १८३७ मध्ये ला स्काला येथे 'इल जुरामेंतो' सादर झाला. पुढल्याच वर्षी फ्लोरिमो या नेपल्सच्या संगीतविद्यालयातील ग्रंथपाल मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपण आरंभिलेल्या बदलांची यादीच दिली: रचनाबंधांत वैविध्य आणले, उथळ काबालेत्तांना रजा दिली, पुनरुक्ती कमी केली, वाद्यवृंद समृद्ध केला पण आवाज झाकला जाऊ दिला नाही, आणि मोठ्या ढोलाचा व पितळी वाद्यांच्या गजराचा वापर आवरला. हे पत्र वाचल्यानंतर 'इल जुरामेंतो' ऐकणारा श्रोता प्रत्येक प्रवेशात ही कलमे तपासत बसतो, आणि काही ठिकाणी संगीतकार स्वतःच्या जाहीरनाम्याला जागलेला नाही हेही त्याच्या लक्षात येते. पत्र न वाचता ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया मात्र जवळजवळ ठरलेली असते, ती म्हणजे हे संगीत व्हेर्दीसारखे वाटते. व्हेर्दी यांचा पहिला ऑपेरा 'ओबेर्तो' १८३९ चा आणि त्यांना नाव मिळवून देणारा 'नाबुक्को' १८४२ चा आहे, ही साधी कालगणना तेव्हा मध्ये आणावी लागते.

या एका प्रतिक्रियेत अपरिचित संगीतकार ऐकवण्याच्या कामाचा सगळा पेच सामावलेला आहे. श्रोता प्रसिद्ध कृती आधी ऐकतो आणि तिच्या मापाने अप्रसिद्ध कृती मोजतो, त्यामुळे इतिहासात आधी आलेला संगीतकार त्याच्या कानाला नंतरचा, आणि म्हणून अनुकरण करणारा वाटतो. कालक्रम सांगितल्याने बुद्धीचे समाधान होते, कानाची सवय तेवढ्याने मोडत नाही. त्यासाठी १८३० ते १८४० या दशकातील चार-पाच कृती त्यांच्या लेखनक्रमाने ऐकाव्या लागतात. तसे केल्यावर व्हेर्दी यांचे स्थान ढळत नाही, पण ते आकाशातून पडल्यासारखे वाटेनासे होतात. ज्या शब्दकोशातून त्यांनी शब्द उचलले तो अनेकांनी मिळून घडवला होता, आणि त्या शब्दांची वाक्ये मात्र त्यांनी इतरांहून आखूड, नेमकी आणि निर्दय केली, असा भेद ऐकू येऊ लागतो. मागच्या रांगेतील संगीतकारांचा हा पहिला उपयोग होय, आणि तो त्यांच्यावर उपकार म्हणून केलेल्या श्रवणातून हाती लागत नाही.

शोधाचे प्रत्यक्ष काम बरेचसे कोरडे आणि चिकाटीचे असते. ज्या ऑपेराची ध्वनिमुद्रिकाच नाही, त्याची पियानो-प्रत मिळवून ती वाजवून किंवा नुसती वाचून त्याची कल्पना करावी लागते. २००६ पासून स्वामित्वहक्काबाहेरील स्वरलिप्या संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून देणाऱ्या संगीत-ग्रंथसंग्रहामुळे हे काम सोपे झाले असले, तरी पियानो-प्रतीत वाद्यवृंदाचा रंग नसतो, आणि मेर्कादान्ते यांच्यासारख्या वाद्यरंगाकडे विशेष लक्ष देणाऱ्या रचनाकाराबद्दल तिच्यावरून मत बनवणे धोक्याचे ठरते. संहितेच्या जुन्या छापील पुस्तिका, ज्या प्रेक्षकांना नाट्यगृहात विकल्या जात, त्यांत पात्रयोजनेबरोबर त्या प्रयोगातील गायकांची नावे असतात. एकाच ऑपेराच्या दोन शहरांतील पुस्तिका समोरासमोर ठेवल्या, की कोणत्या गायिकेसाठी कोणते पद बदलले आणि कोणत्या राज्याच्या सेन्सॉरने कोणत्या ओळी गाळल्या, हे दिसू लागते. काही कृती तर याहूनही खोल दडलेल्या असतात. मेर्कादान्ते यांनी १८२६ मध्ये माद्रिदसाठी लिहिलेल्या 'इ दुए फिगारो'चे हस्तलिखित २००९ मध्ये माद्रिदच्याच ग्रंथालयात हाती आले, आणि २०११ मध्ये वाद्यवृंद-संचालक रिकार्दो मुती यांनी साल्झबुर्ग येथे तो ऑपेरा पुन्हा उभा केला. त्यांचाच 'फ्रान्चेस्का दा रिमिनी' १८३०-३१ मध्ये लिहून पूर्ण झाला, पण त्यांच्या हयातीत रंगमंचावर आलाच नाही; त्याचा पहिला प्रयोग २०१६ मध्ये मार्तिना फ्रांका या गावच्या महोत्सवात झाला. हे गाव पुल्या प्रांतातले, आणि आल्तामुराही त्याच प्रांतातले. मायदेशीच्या मातीत हा ऑपेरा पोहोचायला सुमारे एकशे पंच्याऐंशी वर्षे लागली.

अशा कृतींना पुन्हा जीवन देण्यात विद्यापीठांचा वाटा मोठा असला, तरी हौशी श्रोत्यांच्या मंडळांचा वाटा त्याहून आधीचा आहे. आयर्लंडमधील वेक्सफर्ड या लहानशा बंदराच्या गावी टॉम वॉल्श या डॉक्टरांनी १९५० च्या सुमारास ऑपेराच्या तबकड्या एकत्र ऐकण्यासाठी अभ्यासमंडळ काढले. त्याच्या उद्घाटनाला आलेले 'ग्रामोफोन' मासिकाचे संस्थापक कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी, तबकड्या ऐकून थांबण्याऐवजी ऑपेरा स्वतःच उभा करा, असे सुचवले. १९५१ मध्ये मंडळींनी तो उभा केला, आणि निवड केली ती बालपणी वेक्सफर्डमध्ये राहिलेल्या मायकेल बाल्फ या संगीतकाराच्या 'द रोझ ऑफ कॅस्टील'ची. क्वचितच होणारे ऑपेरा दर शरद ऋतूत सादर करणारा हा महोत्सव आजही चालू आहे, आणि मेर्कादान्ते यांचे 'व्हिर्जिनिया' (२०१०) व 'इल ब्राव्हो' (२०१८) हे ऑपेरा तेथे झाले आहेत. लंडनमध्ये १९७० साली पॅट्रिक श्मिड आणि डॉन व्हाइट या दोन रसिकांनी 'ओपेरा रारा', म्हणजे 'दुर्मिळ ऑपेरा', ही संस्था स्थापन केली. तिच्या ध्वनिमुद्रणांमुळे मायर यांचा 'मेदेआ इन कोरिंतो', मेर्कादान्ते यांचा 'ओराझी ए कुरियाझी' आणि पाचिनी यांचा 'मारिया, रेजिना दिंगिल्तेर्रा' हे ऑपेरा घरी बसून ऐकता येऊ लागले.

या अधिकृत प्रयत्नांच्या जोडीला एक आडवळणाची परंपराही होती. नभोवाणीवरून किंवा प्रेक्षागृहात बसून टिपलेल्या टेप श्रोते एकमेकांना नकलून देत, आणि न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड जे. स्मिथ यांनी १९५६ ते १९७१ या काळात 'द गोल्डन एज ऑफ ऑपेरा' या नावाने खाजगी वर्गणीदारांसाठी तबकड्यांची मोठी मालिका काढली. लेयला गेंजेर या तुर्की गायिकेने १९६७ मध्ये नेपल्सला गायलेला 'साफ्फो' अनेक श्रोत्यांपर्यंत याच मार्गाने पोहोचला. अधिकृत ध्वनिमुद्रणे फारच थोडी आणि अनधिकृत असंख्य, यामुळे या गायिकेला 'चोरट्या तबकड्यांची राणी' असे गमतीने म्हटले जाई. अशा प्रतींचा कायदेशीर आणि नैतिक प्रश्न टाळता येत नाही, कारण गायकाला त्यातून मोबदला मिळत नसे. परंतु ज्या कृतींचे दुसरे कोणतेही ध्वनिमुद्रण त्या वेळी अस्तित्वात नव्हते, त्यांचे ज्ञान याच खरखरत्या टेपांनी टिकवले, हेही नाकारता येत नाही. खोकला, प्रॉम्प्टरची कुजबुज आणि मध्येच लोपणारा आवाज यांतून संगीत वेचून ऐकण्याची जी सवय त्या पिढीला लागली, ती तिच्या समजेचाच एक भाग झाली.

सहश्रवणाचे सत्र आखणाऱ्याला स्वतःच्या उत्साहाचा सर्वाधिक जाच होतो. नव्याने सापडलेली कृती संपूर्ण ऐकवावी असे त्याला वाटते, पण तीन तासांचा अनोळखी ऑपेरा अनोळखी भाषेत ऐकण्याची तयारी उत्साही मंडळींचीही नसते, आणि दुसऱ्या अंकापर्यंत चहाची वेळ हाच चर्चेचा विषय होतो. अनुभवांती अशा सत्राची मांडणी आटोपशीर होत जाते: दीड तासाची मर्यादा, एकच ऑपेरा, त्यातील तीन किंवा चार प्रवेश, आणि त्यांपैकी निदान एक समूहगायनाचा, कारण अंकाच्या शेवटी पाच-सहा पात्रे एकाच क्षणी वेगवेगळ्या भावना गाऊ लागतात तेथे मेर्कादान्ते यांचे बळ सर्वांत लवकर पटते. संहितेचे भाषांतर आधी हाती दिले, तर श्रोते संगीत चालू असताना कागदावर खिळून राहतात. म्हणून प्रवेशाची कथा चार वाक्यांत सांगावी, कळीचे दोन-तीन इटालियन शब्द अर्थासह कानावर घालावेत, आणि मग कागद बाजूला ठेवावा, हा क्रम फलदायी ठरतो. परिचितापासून अपरिचिताकडे जाणेही उपयोगी पडते. 'ला जोकोंदा'तील आत्मत्यागी नायिका ज्यांना ठाऊक आहे, ते 'इल जुरामेंतो'तील एलाइसाची कथा क्षणात ओळखतात, आणि मग त्यांचे लक्ष कथेऐवजी हाताळणीकडे वळते.

या कामातील सर्वांत सामान्य दोष अतिस्तुतीचा असतो. बराच काळ खपून मिळवलेल्या कृतीला 'दुर्लक्षित उत्कृष्ट कृती' म्हणण्याचा मोह आवरत नाही, आणि त्या घोषणेनंतर श्रोता ती उत्कृष्टता शोधत बसतो व न सापडल्यास संगीतकारावर रुष्ट होतो. मायर यांच्या ऑपेरांत वाद्यवृंद देखणा आहे, परंतु स्मरणात राहील अशा सुरावटीची वाट बरेचदा पाहावी लागते. पाचिनी यांची सुरावट लगेच ध्यानात राहते, परंतु तिच्या खालची साथ पुष्कळदा ठोकळेबाज असते. मेर्कादान्ते यांची बांधणी भक्कम आहे, परंतु ती कधीकधी बांधकामासारखीच जाणवते. हे उणे आधीच सांगून टाकले, तर श्रोता मोकळेपणाने ऐकतो, आणि एखादी जागा त्याला आवडली तर ती त्याची स्वतःची होते. अनोळखी कृती एकदा ऐकून तिच्याबद्दल मत न देण्याचा संकेत काही मंडळे कटाक्षाने पाळतात, आणि दुसऱ्या श्रवणानंतरची चर्चा पहिलीपेक्षा शांत व अचूक होते, असाच त्यांचा अनुभव आहे.

मराठी श्रोत्याला या साऱ्या व्यवहारातले काही मुळातच ओळखीचे वाटावे. नाट्यपद त्याच्या स्मरणात बहुधा गायकाच्या नावाने राहते. 'मानापमान'च्या (१९११) चाली गोविंदराव टेंबे यांच्या आणि 'स्वयंवर'च्या (१९१६) भास्करबुवा बखले यांच्या, हे जाणकारांना ठाऊक असले, तरी पद आवडणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतेच असे नाही. जुन्या तबकड्या जमवून त्या एकत्र ऐकण्याची परंपराही येथे आहे, आणि मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने तिला अभ्यासाची शिस्त दिली. इटालियन ऑपेराकडे वळणाऱ्या मराठी रसिकाला पाचिनी यांचा 'आलेस्सांद्रो नेल्लिंदिए' (१८२४), म्हणजे 'हिंदुस्थानातील अलेक्झांडर', हा कुतूहलाचा प्रारंभबिंदू ठरू शकतो. मेतास्तासिओ या कवीची मूळ संहिता त्याआधी जवळजवळ शतकभर अनेक संगीतकारांनी वापरली होती, हेंडेल यांच्या 'पोरो'चाही आधार तीच होती, आणि तिच्यातील राजा पोरस हिंदुस्थानी राजापेक्षा युरोपीय दरबारातील मत्सरी प्रियकर अधिक आहे. तेथे हिंदुस्थान शोधणाऱ्याच्या पदरी निराशा येते. एकच संहिता पिढ्यानपिढ्या नव्याने स्वरबद्ध करण्याची प्रथा कशी चालत असे, हे पाहणाऱ्याला मात्र पुष्कळ मिळते.

शोधाची ही साखळी अखेरीस बहुधा मायर यांच्यापाशी येऊन थांबते, आणि तेथे रसिकाला स्वतःच्या कामाचे एक जुने रूप भेटते. १७६३ मध्ये बव्हेरियातील मेंडोर्फ या खेड्यात जन्मलेले मायर तरुणपणी इटलीत आले, १८०२ पासून मृत्यूपर्यंत बेर्गामोच्या सांता मारिया माज्जोरे बासिलिकेचे संगीतप्रमुख राहिले, आणि १८०५ मध्ये गरीब मुलांसाठी तेथे त्यांनी मोफत संगीतशाळा काढली. त्या शाळेच्या पहिल्या विद्यार्थ्यांत गावातील एका निर्धन कुटुंबातला गाएतानो डोनिझेटी हा मुलगा होता. मायर यांनी त्याला शिकवले, आणि पुढील शिक्षणासाठी बोलोन्याला पाठवण्याची व्यवस्थाही केली. इटलीत तेव्हा फारसे ऐकले न जाणारे हायड्न यांचे संगीत त्यांनी बेर्गामोच्या श्रोत्यांना ऐकवले आणि हायड्न यांचे चरित्रही लिहिले. उतारवयात त्यांची दृष्टी गेली, १८४५ मध्ये ते वारले, आणि तीन वर्षांनी त्यांचा शिष्यही गेला. १८७५ मध्ये गुरू आणि शिष्य या दोघांच्याही अस्थी सांता मारिया माज्जोरेमध्ये आणण्यात आल्या. आज त्या बासिलिकेत शिरणारा प्रवासी बहुधा डोनिझेटी यांची समाधी पाहण्यासाठी आलेला असतो. ती पाहून परतताना त्याच छपराखालच्या दुसऱ्या समाधीवरचे नाव तो वाचतो, आणि हे कोण, असे सोबत्याला विचारतो.